फिशटँकमध्ये शेवाळ पुन्हा पुन्हा येतंय? या क्रमाने तपासा

टाकी रिकामी केली, खडी नळाखाली घासून धुतली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला, नवं पाणी भरलं. आठवडाभर टाकी चकाचक. मग काचेवर धूसर थर, आणि पंधरावड्यात पाणी पुन्हा हिरवं. शेवाळाची तक्रार बहुतेक घरांत याच चक्रात फिरते, आणि हे चक्र चालू ठेवण्यात त्या 'संपूर्ण सफाई'चाच हात मोठा असतो. त्याचं कारण खाली तिसऱ्या मुद्द्यात आहे. पण सगळ्यात आधी टाकीत नेमकं काय वाढलंय ते ओळखा. प्रकार चुकला की उपाय वाया जातो.

खालची प्रमाणं दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा नेहमीच्या टाकीसाठी दिली आहेत. तुमच्या टाकीची लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणा आणि ६१ ने भागा, म्हणजे लिटर मिळतील. या टाकीचे साधारण ५७ येतात. पण खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ ते ४८ लिटरच असतं. काहीही मोजून टाकायचं असेल तर हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करा.

लक्षणं: डोळ्यांनी, बोटाने आणि नाकाने

पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि मागे पांढरा कागद धरा. हिरवट दिसलं तर पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ आहे. दुधट, पांढरट दिसलं तर ते शेवाळच नाही, जिवाणूंची वाढ आहे. अशा वेळी लाइट बंद करून उपयोग नाही, खाणं कमी करून थांबायचं. चहासारखं पिवळं-तपकिरी पण नितळ असेल तर रंग लाकडातून उतरतोय. त्याने माशांना काही होत नाही.

काचेवर आणि खडीवर तपकिरी साय असेल आणि बोट फिरवताच निघत असेल तर ते डायटम, म्हणजे तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत ते येतंच, आणि टाकी स्थिरावली की आपोआप कमी होतं. त्याच्यासाठी दुकानात जाऊ नका. जुन्या टाकीत ते पुन्हा दिसलं तर मात्र टाकीची घडी कशाने तरी विस्कटली आहे, असं समजा.

काचेवरचे हिरवे टणक ठिपके स्पंजने हलत नाहीत, त्यांना ब्लेडच लागतं. झाडांवर आणि लाकडावर लोंबणारे हिरवे धागे चिमटीत धरून ओढता येतात. पानांच्या कडांवर किंवा फिल्टरच्या तोंडाशी काळपट, दाट, मिशीसारखे झुपके असतील आणि ओढूनही निघत नसतील तर ते 'ब्लॅक बिअर्ड'. खात्री करायची असेल तर एक झुपका वाटीत सर्जिकल स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी तो लालसर झालेला दिसेल. हे मुळात लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि आतला लाल उघडा पडतो.

शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. खडीवर निळसर-हिरवा, बुळबुळीत थर, जो चादरीसारखा सोलून निघतो आणि दोन दिवसांत परत येतो. वास घ्या. मातकट, कुजकट वास आला की समजा, हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. बहुतेक शेवाळखाऊ मासे त्याला तोंड लावत नाहीत.

१. प्रकाश: फुकटची तपासणी

दिवसभरात टाकीवर थेट ऊन पडतं का, हे एका दिवशी नीट बघा. उन्हाळ्यात पाहून 'पडत नाही' असं ठरवू नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन घरात खूप आतपर्यंत येतं. पावसाळ्यात स्वच्छ असलेली टाकी थंडीत हिरवी होते, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. टाकी हलवता येत नसेल तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा चार्टपेपर चिकटवा.

मग लाइटचे तास. टाकीचा दिवा सकाळी कोणीतरी लावतं आणि रात्री झोपताना कोणीतरी बंद करतं, म्हणजे बारा-चौदा तास तो जळतोच. तो सहा तासांवर आणा. माशांना तेवढा पुरतो, साध्या झाडांनाही पुरतो. संध्याकाळी पाच ते अकरा ठेवलात तर घरच्यांना टाकी बघायलाही मिळते.

टायमर घ्या, पण चकती फिरणारा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालू होतो. रोज दोन तास वीज जात असेल तर आठवड्यात त्याचं घड्याळ चौदा तासांनी मागे पडतं आणि दिवा भलत्या वेळी, कधी भर पहाटे लागतो. एकूण तास तेवढेच राहतात, पण माशांची झोप मोडते आणि दिवसाच्या उजेडात दिव्याचे तास मिसळून टाकीला एकूण उजेड जास्त मिळतो. भारनियमनाच्या भागात आत बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्यावा.

२. खाणं आणि माशांची संख्या

दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. तळाला दाणे पडलेले दिसले तर ते सायफनने, म्हणजे पाणी ओढून काढणाऱ्या नळीने, काढा. आठवड्यात एक दिवस उपास ठेवा, धडधाकट माशांचं त्याने काही बिघडत नाही. माशांच्या खाण्यात फॉस्फेट असतं आणि ते विष्ठेतून पाण्यात येतं. न खाल्लेला दाणा कुजला की अमोनिया तयार होतो. शेवाळाला दोन्ही हवं असतं.

घरात मासे कोण कोण भरवतं, हेही विचारून घ्या. सकाळी आजोबा, दुपारी मुलं आणि रात्री बाबा, प्रत्येकाचं 'चिमूटभर'. दिवसाचं खाणं एका छोट्या डबीत मोजून ठेवा. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं.

दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश असतील तर पुढचे सगळे उपाय तात्पुरते ठरतील. गोल्डफिश भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि वाढतो. मासे कमी करणं किंवा टाकी मोठी करणं, एवढेच दोन मार्ग आहेत. गोल बोलमध्ये तर शेवाळ आवरण्याचा प्रयत्नही करू नये.

३. सफाईची पद्धत: बहुतेकांचं इथेच चुकतं

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. खडीच्या पृष्ठभागावर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वसाहत नव्या टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. खडी आणि स्पंज नळाखाली धुतले की नळाच्या पाण्यातला क्लोरीन तिचा मोठा भाग मारतो. दोन्ही एकाच दिवशी धुतले तर जवळजवळ काहीच उरत नाही. मासे तेवढेच आणि खाणं तेवढंच, पण अमोनिया पचवणारं कोणी नाही. तो पाण्यात साठतो आणि तरंगणारं हिरवं शेवाळ त्यावर झपाट्याने वाढतं. वर नवं पाणी, घासून नितळ केलेली काच आणि बारा तास दिवा. म्हणजे टाकी दर महिन्याला पुन्हा 'नवी' होते आणि नव्या टाकीची सगळी दुखणी परत येतात.

त्याऐवजी असं करा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. आपल्या टाकीत ते १२ लिटर, म्हणजे मध्यम बादलीभर. पाणी काढताना सायफनची नळी खडीत खुपसून गाळ ओढून घ्या, पण एका आठवड्याला अर्धाच तळ. उरलेला अर्धा पुढच्या वेळी. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा दाबून काढा. तो तपकिरीच राहायला हवा. ज्या आठवड्यात स्पंज दाबला त्या आठवड्यात खडीला हात लावू नका. फिल्टरमधला पांढरा फ्लॉस (गाळ अडवणारा कापूस) तुंबला तर खुशाल बदला, पण स्पंज फाटेपर्यंत वापरायचा. बादली टाकीसाठी वेगळी ठेवा आणि तिला साबण लागू देऊ नका.

काच घासायची ती पाणी काढण्याआधी, म्हणजे निघालेलं शेवाळ त्याच पाण्याबरोबर बाहेर जातं. टणक ठिपक्यांसाठी ब्लेड तिरकं धरा आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून बोटभर लांब थांबा. सिलिकॉनला चीर गेली तर शेवाळ परवडलं म्हणायची वेळ येईल. टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर ब्लेड नको, जुनं प्लास्टिक कार्ड चालतं. चुंबकाच्या घासणीत रेतीचा एक कण अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा उमटतो, म्हणून ती तळापर्यंत नेऊ नका.

पहिले तीन मुद्दे नीट केले आणि दोन-तीन आठवडे थांबलं, तर साध्या हिरव्या आणि तपकिरी शेवाळाच्या बहुतेक तक्रारी मिटतात. लोक चौथ्या दिवशीच बाटली आणायला जातात, ही खरी अडचण. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

४. नळातून काय येतंय

आता टेस्ट किटवर खर्च करायला हरकत नाही. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट, एवढ्या तीन चाचण्या पुरतात. टाकीच्या पाण्याबरोबर नळाचं किंवा बोअरचं पाणीही तपासा. ते कोणी तपासत नाही.

टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नसतील तर जिवाणू कमी आहेत किंवा मासे जास्त. नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत छान, ४० च्या वर गेलं तर पाणी बदलायला हवं. पण बोअरच्याच पाण्यात ५० असेल तर कितीही पाणी बदला, टाकी त्याखाली येणार नाही. रासायनिक खतांची शेती आणि शोषखड्डे आसपास असले की भूजलात नायट्रेट उतरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. किटवर त्याच्या आसपास आकडा दिसला तर प्रश्न माशांपुरता राहत नाही. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं.

अशा घरात टाकीसाठी अर्धं आरओचं आणि अर्धं बोअरचं पाणी मिसळून घ्या. निव्वळ आरओचं पाणी नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामू (पीएच) टिकत नाही. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी बचत म्हणून टाकीत ओतत असाल तर ते आजच थांबवा. मूळ पाण्यातलं सगळं त्यात आणखी दाट झालेलं असतं.

पालिकेचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला. पावसाळ्यात क्लोरीनचा वास जास्त येत असेल तर नुसतं साठवण्यावर विसंबू नका.

५. फिल्टर आणि पाण्याचा ओघ

फिल्टर २४ तास चालू हवा. आवाज होतो म्हणून रात्री बंद करणाऱ्या घरांत काळं आणि निळसर शेवाळ बरेचदा सापडतं. तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरेल असा पंप घ्या. आपल्या टाकीला तासाला २०० ते २५० लिटर. खोक्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो, स्पंज भरला की ओघ बराच घटतो. निळसर थर नेमका जिथे पाणी साचतं तिथे, लाकडामागे किंवा कोपऱ्यात असेल तर पंपाचं तोंड तिकडे वळवून बघा. याला पैसे लागत नाहीत.

वीज चार-पाच तासांहून जास्त गेली असेल तर फिल्टर तसाच चालू करू नका. आत अडकलेलं पाणी प्राणवायूविना कुजायला लागलेलं असतं. ते ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात हलवा, मग चालू करा.

६. शेवाळाच्या खुराकाला वाटेकरी आणा

सगळ्यात स्वस्त वाटेकरी म्हणजे मनीप्लांट. चार-पाच कांड्या घ्या, पानं पाण्याबाहेर आणि मुळं पाण्यात राहतील अशा टाकीच्या कडेला अडकवा. आधी बाटलीत मुळं फुटू दिलीत तर लवकर लागतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला मुबलक मिळतो, त्यामुळे पाण्यातलं नायट्रेट ते पाण्याखालच्या झाडांपेक्षा वेगाने ओढतं. पानं पाण्यात बुडवू नका, कुजतात. टाकीत हॉर्नवर्टसारखं भरभर वाढणारं, मुळं न लागणारं झाड सोडा आणि दर आठवड्याला छाटून वाढ बाहेर काढा. छाटलेलं नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका, कुंडीत घाला.

७. आता थेट शेवाळावर

*हिरवं पाणी.* पाणी बदलून ते जात नाही, उरलेलं शेवाळ दोन दिवसांत भरून काढतं. टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवा. जाड काळं कापड किंवा गोधडी चारही बाजूंनी गुंडाळा, वरूनही झाका, पण हवेला फट ठेवा. एअरपंप सतत चालू, खाणं बंद, उचकून बघणं बंद. चौथ्या दिवशी अर्धं पाणी बदला, नाहीतर मेलेलं शेवाळ कुजून पुन्हा खत होतं. तरीही परत आलं तर ५ ते ९ वॉटचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा फिल्टरच्या पाण्याच्या वाटेत लावा. तो फक्त पाण्यातून वाहणारं शेवाळ मारतो, काचेवरचं आणि पानांवरचं नाही. पेटलेल्या यूव्ही दिव्याकडे कधीही उघड्या डोळ्यांनी बघू नका.

*धागे.* जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून काढा. दिव्याचे तास कमी करा.

*काळे झुपके.* खराब झालेली पानं सरळ कापून टाका. लाकडावरच्या आणि दगडावरच्या झुपक्यांसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बाटलीवरचं लेबल आधी वाचा, कारण आपल्याकडे ६ टक्क्यांची बाटलीही सर्रास मिळते. तशी असेल तर तेवढंच आरओचं पाणी मिसळा. ४८ लिटरला जास्तीत जास्त १२ मिलिलिटर, पहिल्या वेळी त्याच्या निम्मंच. फिल्टर बंद करा, सुई काढलेल्या सिरिंजने झुपक्याच्या अगदी जवळ हळूहळू सोडा. बुडबुडे सुटतील. दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा. दोन-तीन दिवसांत काळा झुपका गुलाबी आणि मग पांढरट होईल, म्हणजे तो मेला. दोन दिवस सोडून दुसऱ्या जागी करा. टाकीत झिंगे किंवा मॉस असेल तर लाकूड बाहेर काढून त्यावर पेरॉक्साइड लावा आणि पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवा. घरगुती यीस्ट-साखरेची कार्बन डायऑक्साइडची बाटली लावली असेल तर ती काढून टाका. तिचा पुरवठा रोज बदलतो आणि काळ्या शेवाळाला तेच मानवतं.

*निळसर थर.* सायफनने जेवढा ओढता येईल तेवढा ओढा, मग तीन दिवसांचा अंधार, मग अर्धं पाणी. आणि पंपाची दिशा.

शेवाळ खाणारे मासे

दुकानदार 'सकर' देतो. बोटाएवढा सकर फूट-दीड फुटांचा होतो, मोठा झाला की शेवाळापेक्षा दाण्यांवर ताव मारतो आणि खातो त्या मानाने घाणही करतो. मग कंटाळून लोक तो तळ्यात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांमध्ये या माशाने मत्स्यशेतीला त्रास दिला आहे. कितीही दया आली तरी नदीत सोडू नका, दुकानात परत द्या. दोन फुटी टाकीला तीन-चार नेराइट गोगलगाई उत्तम. टणक ठिपकेसुद्धा त्या खरवडतात आणि त्यांची पिलं गोड्या पाण्यात वाढत नाहीत, म्हणून टाकी भरून जात नाही. पांढरी अंडी मात्र काचेवर चिकटवतात, त्याची तयारी ठेवा.

हे टाकू नका

मोरचूद नको. द्राक्षबागेत चालत असेल, टाकीत त्यातलं तांबं झिंग्यांना आणि गोगलगाईंना आधी मारतं, आणि पाणी मऊ असेल तर माशांनाही. दुकानातल्या काही 'अल्गी किलर' बाटल्यांतही तांबंच असतं. लेबलवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. तुरटीने पाणी नितळ दिसतं, पण सामू घसरतो. आणि कुठल्याही औषधाने एकदम खूप शेवाळ मेलं की ते कुजताना प्राणवायू ओढून घेतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ अंशांच्या वर असताना प्राणवायू आधीच कमी असतो, त्या दिवसांत असा प्रयोग नकोच.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर शेवाळाचा विषय तिथेच सोडा. एक तृतीयांश पाणी बदला, एअरपंप लावा आणि अमोनिया मोजा. दुसऱ्या दिवशीही तेच असेल किंवा मासे मरू लागले तर आणखी औषध घालू नका, मत्स्यतज्ज्ञाला दाखवा. रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर आणि उदगीर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथे विचारणा करता येते. जाताना पाण्याचा नमुना आणि चाचण्यांचे आकडे बरोबर न्या.

निळसर थर अंधाराच्या दोन फेऱ्यांनंतरही परतला तर पुढचा उपाय अँटिबायोटिकचा असतो. तो स्वतःच्या मनाने करू नका. गोळी फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही लागू शकते आणि अर्धवट डोसने चिवट जिवाणू मागे राहतात. मात्रा आणि दिवस पशुवैद्यकानेच ठरवावेत.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि मगच टाकीला हात लावा. हीटरची काच तडकलेली असते किंवा दिव्याच्या पट्टीत पाणी गेलेलं असतं. ती वस्तू दुरुस्त करत बसू नका, बदला. घरात अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारं बटण) नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तोवर टाकीची सफाई बंद.